हरवलेली शेळी

पहाटेपासून कोरडा वारा सुटला होता. रस्त्यावरची धूळ उचलून तो खिडकीच्या फटींतून शाळेच्या कॉम्प्युटरच्या खोलीत आणून टाकत होता, आणि शिस्तबाई ओला फडका घेऊन एकेक कीबोर्ड पुसत होत्या. बाईंचं खरं नाव निराळं. पण पेंटरने ठेवलेलं हे नाव शाळेने असं काही उचललं, की पगाराच्या दिवशी कारकूनही चुकून तेच पुकारायचा.

बाईंचं काम लहान मुलांसाठी कॉम्प्युटरवरचे खेळ बनवायचं. गायीला उचलून गोठ्यात सोडायचं, कोंबडीला खुराड्यात. बरोबर सोडली की ती ओरडते. ओरडायला आवाजाची फाइल लागते, दिसायला चित्राची, आणि खेळ दोन्ही फाइलींना नावाने हाक मारतो. नावात एक अक्षर इकडचं तिकडे झालं, की गायीच्या जागी नुसता रिकामा चौकोन. म्हणून बाईंचा नियम: आधी प्रकार, मग वस्तू, मग आकडा. आकडाही एक नव्हे, शून्य एक. नाहीतर दहा नंबर दोनाच्या आधी येऊन ऐटीत बसतो. त्यांचं फोल्डर उघडावं तर घासूनपुसून मांडलेल्या भांड्यांसारखं.

पेंटर म्हणजे शेजारच्या टेबलावर बसून या खेळांची चित्रं काढणारा. हात सोन्याचा, पण नाव द्यायची वेळ आली की आनंदीआनंद. चित्रात काय आहे ते सोडून, चित्र बघून आपल्याला काय आठवलं ते लिहायचा. पाय पसरून बसलेला हत्ती म्हणजे ‘जावई’. उंटाचं नाव ‘मोठ्या बाई’, आणि ती फाइल मुख्याध्यापिका मोठ्या बाईंच्या देखत उघडायची पाळी आली तेव्हा दोघांचीही पाचावर धारण बसली होती. शिस्तबाई रोज कटकट करायच्या. शेवटच्या दिवशीही केलीच. बायको गेल्यावर पेंटर दूरच्या शहरात लेकीकडे राहायला निघाला होता, टेबलाचा खण रिकामा करत होता, आणि बाई म्हणाल्या की तुम्ही गेलात म्हणजे एकदाची ही सगळी नावं सरळ करते. तो हसला. खण रिकामा करून गेला.

नावं काही त्यांनी सरळ केली नाहीत. फोनही केला नाही. रोज वाटायचं करावा, पण कामाशिवाय फोन करून बोलायचं काय? शेजारच्या टेबलावर आता प्रिंटर बसवला होता. चहा आला की बाईंची मान अजून तिकडेच वळायची.

आणि आज शेळी हरवली. खेळात तिचं तोंड हलवायचं होतं. त्यासाठी तोंड सुटं ठेवलेलं मूळ चित्र हवं होतं, आणि ते पेंटरच्या फोल्डरात कुठल्या नावाखाली चरत होतं देव जाणे. मोठ्या बाई दारातूनच म्हणाल्या, मग फोन लावून विचारा की त्याला, त्यात एवढं काय.

शिस्तबाईंना आतून एकदम उजाडल्यासारखं झालं. काम होतं. खरंखुरं काम. त्यांनी चष्मा पुसला, पहिलं वाक्य मनातल्या मनात म्हणून पाहिलं. पण सवय वाईट; कुणाला विचारण्याआधी आपण नीट शोधावं म्हणून फोल्डर पुन्हा उघडलं. ‘घाईत’ म्हणजे कोंबडी. ‘रविवार’ म्हणजे मांजर. मग एका नावाशी बोट थांबलं: ‘आधी हात धुवा’.

पेंटर भज्याबिज्याच्या तेलकट बोटांनी कीबोर्डकडे आला की बाई हेच म्हणायच्या. त्यांनी फाइल उघडली. शेळी! मान ताठ, कान टवकारलेले, डोळ्यांभोवती चष्म्यासारखी काळी वर्तुळं, आणि तोंड बोलायच्या बेतात.

बाई इतक्या हसल्या की डोळ्यांत पाणी आलं. ते पुसता पुसता ध्यानात आलं की शेळी सापडली, म्हणजे फोन करायला आता काही कारण उरलं नाही.

शेळी त्यांच्याकडे बघत राहिली. बाईंनी फोन लावला.

“पेंटर, शेळी सापडत नाहीये.”

तो चाचरत म्हणाला, “नाव सांगितलं तर रागवाल, बाई.”

“सांगा तर खरं.”

त्याने सांगितलं. बाई म्हणाल्या, आवाज तुटतोय, पुन्हा सांगा. त्याने पुन्हा सांगितलं, सावकाश, अगदी त्यांच्याच चालीत. मग लेकीकडचं सांगत बसला. नातीला चित्रं काढून देतो म्हणाला. आणि ती कार्टी प्रत्येक चित्रावर नीट नाव घालून नंबर टाकते, तुमच्यावर गेलीय.

“इकडे कधी येताय?” बाईंनी विचारलं.

“आता कसलं येणं,” तो म्हणाला. “तुम्ही नावं सरळ केलीत ना सगळी?”

“चाललंय,” बाई म्हणाल्या.

फोन ठेवून त्यांनी शेळीची एक प्रत काढली, तिला ‘प्राणी_शेळी_०१’ असं नाव दिलं आणि खेळात नेऊन सोडली. मूळ फाइल होती तशीच राहू दिली. तेवढ्यात घंटा झाली. पहिलीची पोरं धुळीने माखलेले हात घेऊन दाराशी येऊन उभी राहिली, आणि बाई उठून नळापाशी एकेकाच्या बाह्या वर सारू लागल्या.