डोक्यामागचा बाहुलीचा चेहरा

वाळत घातलेल्या मोहफुलांचा गोडसर, आंबूस वास आला की मला मामीचा मुखवटा आठवतो. तेव्हा मी नववीत होते आणि सुटीत नागभीडजवळच्या तिच्या गावी गेले होते. एका दुपारी मोबाइलवर माणसं मारणाऱ्या बाहुलीचा सिनेमा पाहिला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघी मोहफुलं वेचायला जंगलात गेलो. वाघ पाठीमागून झडप घालतो, म्हणून माणूस आपल्याकडेच बघतोय असं त्याला वाटावं यासाठी तिथल्या बाया डोक्यामागे मुखवटा बांधतात. मामीचा जत्रेतला होता, गुलाबी गालांच्या बाहुलीचा. ती वाकली की तो चेहरा आभाळाकडे बघायचा, उभी राहिली की माझ्याकडे. “मामी, काढ ना तो. मले भेव लागून राह्यलं.” “वाघाले सोडून बाहुलीले भेते काय वो पोरी?” ती हसली, पण मुखवट्याची गाठ सोडून तिने तो टोपलीत टाकला. थोड्या वेळाने पाखरं गप्प झाली. वाकलेल्या मामीच्या मागे, वीसेक पावलांवर, झुडपात पट्टे हलले. मी टोपलीतला मुखवटा उचलून तोंडावर धरला आणि तिकडे तोंड केलं. बाहुलीच्या डोळ्यांच्या भोकांतून मला वाघाचे डोळे दिसत होते. “काऊन गप झाली?” मामीने विचारलं. “वाघ,” मी पुटपुटले. ती ताठ उभी राहून ओरडली, तसा तो वळून गेला. परतताना तिने मुखवटा माझ्या डोक्यामागे बांधला आणि स्वतः उघड्या डोक्याने माझ्या मागून चालली. गाव येईपर्यंत मी फक्त तिची पावलं ऐकत होते. आजही तो वास आला की मी आधी मागे वळून बघते.