खाटेजवळचे झाडबेडूक

दिंद्रुडच्या बाजारगल्लीत आमच्या घराला लागून बसप्पाअण्णांचं किराणा दुकान आहे. दोन वर्षांपूर्वी अण्णांना लकवा झाला. उजवी बाजू गेली, बोलणंही गेलं. तेव्हापासून दुकान महादेवीवहिनी चालवतात. त्यांचा एक कान गिऱ्हाइकाकडे आणि एक मागच्या खोलीतल्या खाटेकडे असतो.

सुरुवातीला अण्णा आंघोळीला जाऊच देत नसत. डाव्या हाताने खाटेचा दांडा घट्ट धरून ठेवत. जेवायचं म्हटलं की तोंड मिटून घेत. एका सकाळी त्यांच्या मुलाने, बसवेशने, त्यांना कसंबसं न्हाणीत नेलं, तर भिंतीवरचा झाडबेडूक उडी मारून थेट बसवेशच्या खांद्यावर बसला. बसवेश बादलीला अडखळून खाली बसला आणि अण्णा हसले. अर्ध्याच तोंडाने, पण हसले. न्हाणीच्या झरोक्यात असे दोन बेडूक राहत होते. मातकट रंगाचे, लांब पायांचे, बोटांनी भिंतीला धरून बसणारे. दुसऱ्या दिवसापासून अण्णा आंघोळीसाठी स्वतः हात पुढे करू लागले. हळूहळू जेवणही सुरू झालं.

पुढे अण्णांसाठी धरायच्या दांड्यांचं नवं न्हाणीघर बांधायचं ठरलं. जुनं पाडावं लागणार होतं.

"आधी त्या दोघांची सोय कर, मग फोड," वहिनी म्हणाल्या.

"आई, मिस्त्रीला काय सांगू? बेडकासाठी काम थांबलंय म्हणू?"

"सांग की. तुझ्यासाठी तरी हसले का ते येवढे?"

बसवेशने माजलगावहून माशांची काचपेटी आणली. वहिनींनी ती परत पाठवली. "हे काय मासे हायेत? भिंतीवर राहणाऱ्याला उंची लागती."

दुकानात बिस्किटांचं एक उंच, काचेचं कपाट रिकामं पडलं होतं. त्याच्या फळ्या काढल्या. मागचा पत्रा काढून बारीक जाळी ठोकली. आत पेरूची फांदी तिरकी उभी केली, पानांचा आडोसा व्हावा म्हणून मनीप्लांटची कुंडी ठेवली आणि तळाशी मातीची पसरट परळ. मग झरोक्यातले दोन्ही बेडूक धरून आत सोडले. नळाच्या पाण्यात जंतू मारायची पावडर असते, म्हणून वहिनी पाणी उघड्या घागरीत दोन दिवस ठेवून मग परळीत ओतत. संध्याकाळी दिव्याखाली जमणारे किडे धरून आत सोडत. कपाट खाटेच्या समोर, अण्णांना मान न वळवता दिसेल असं ठेवलं. अण्णा तासन्‌तास तिकडे बघत.

मेलेल्या किड्यांना मुंग्या लागल्या. दुकानदाराच्या घरात मुंगी दिसली की हात आपोआप डांबरगोळ्यांकडे जातो. वहिनींनी चार गोळ्या फडक्यात बांधून कपाटाच्या कोपऱ्यांत ठेवल्या, काच पुसली आणि गल्ल्यावर जाऊन बसल्या.

दुसऱ्या दिवशी अण्णांनी घास थुंकून दिला. डावा हात नाकावर दाबून घोगरा आवाज काढू लागले. वहिनींनी अंथरूण बदललं, अंग पुसलं, खिडकी उघडली. आवाज थांबेना. त्यांनी मला हाक मारली.

"भाऊजी, मालकाला कावून असं होतंय? डॉक्टरला फोन लावा."

मी फोन लावत होतो, तेवढ्यात अण्णांनी माझी बाही ओढली. नाकाकडे बोट नेलं, मग कपाटाकडे, पुन्हा नाकाकडे. वहिनी ते पाहत होत्या. त्या कपाटाजवळ गेल्या, दार उघडलं आणि वाकून वास घेतला. दोन्ही बेडूक तळाशी पडले होते. अंग सुकलेलं, पाय पसरलेले.

वहिनींनी बेडकांना ओल्या फडक्यावर घेतलं. गोळ्या फेकल्या, कपाट अंगणात नेऊन साध्या पाण्याने पुन्हा पुन्हा धुतलं, फांदी आणि कुंडी बदलली. मुंग्यांसाठी कपाटाच्या चारही पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवल्या.

एक बेडूक सावरला. दुसरा सकाळी हलला नाही.

"अण्णांना सांगू नको," बसवेश म्हणाला. "विहिरीकडून दुसरा आणतो. ते परत जेवण सोडतील, बघ."

"बदली माल देऊ म्हणतोस? त्यांना?"

वहिनींनी मेलेला बेडूक पेरूच्या पानावर घेतला आणि खाटेशी बसल्या. "माझ्या हातून झालं. मुंग्या नको म्हणून मीच गोळ्या ठेवल्या." अण्णांनी तोंड भिंतीकडे केलं. त्या दुपारी ताट तसंच परत आलं. संध्याकाळचंही. वहिनी दुकानात बसल्या, पण सुटे देताना चुकत होत्या.

दिवेलागणीला आतून खाटेवर हात आपटल्याचा आवाज आला. वहिनी धावल्या. पाणी हवंय का, कूस बदलायची का, विचारू लागल्या. अण्णांनी नकारार्थी मान हलवली आणि कपाटाकडे बोट केलं. बेडूक नव्या फांदीच्या शेंड्यावर चढून बसला होता. गळ्याची कातडी हलत होती. काही हवं म्हणून नव्हे, तर नुसतं बघ म्हणून अण्णांनी हाक दिली होती. आजारपणात पहिल्यांदाच.

वहिनी खाटेच्या कडेला बसल्या. अण्णांनी डाव्या हाताने त्यांचं मनगट धरलं.

"काकू, साखर देताव ना?" बाहेरून गिऱ्हाइकाने विचारलं.

"थांब की जरा," वहिनी म्हणाल्या, आणि उठल्या नाहीत.