मागं न फिरणारं रीळ

गळ्यात लिंग आणि हातात गळ, असं लातुरात माझ्याविषयी बोलतात. बोलोत बिचारे. आमच्या उंबऱ्याच्या आत मासा कधी आलेला नाही. मांजरा धरणावर जे सापडतं ते सरळ माझ्या मित्राच्या घरी जातं. तो एसटीचा निवृत्त ड्रायव्हर, कालवणाचा शौकीन. मला खाण्यात गोडी नाही, ओढण्यात आहे.

माझ्या गळाची दोरी गुंडाळणाऱ्या जुन्या रिळाच्या पोटाला एक खटका होता. तो पाडला की हँडल उलटं फिरायचं. मासा पळाला की आपल्या हातानं दोरी सोडायची, तो दमला की गुंडाळायची. ते रीळ मोडलं आणि दिवाळीला पुण्याच्या जावयानं नवं आणलं. मी ते उलटंपालटं करून पाहिलं. खटका गायब!

"मामा, आता खटका देत नाहीत. मासा ओढायला लागला की ड्रॅग आपोआप दोरी सोडतो. ड्रॅगची ही वरची चकती फक्त जरा ढिली ठेवायची."

म्हणजे मासा माझा, दोरी माझी आणि सोडायची कधी ते कंपनी ठरवणार! आणि ढिली? माझं नट-बोल्टचं दुकान आहे. ढिल्या नटावर मी जन्मभर गिऱ्हाइकांना झापत आलोय. जावयाची पाठ फिरताच पक्कड घेतली आणि चकती करकचून आवळली.

धरणात एक जुना कटला मासा होता. मित्रानं त्याची पाठ पाहिली होती, तेव्हापासून मला दुसरं काही सुचत नव्हतं. एकदा काठावर आणून तो डोळे भरून पाहायचा होता. तोही जावयासमोर, कारण हा गृहस्थ मला गिझर कसा लावायचा तेसुद्धा शिकवतो.

संक्रांतीला तिघं गेलो आणि तोच गळाला लागला.

"सोडा शेठ, दोरी सोडा!" मित्र ओरडला.

मी सवयीनं हँडल उलटं फिरवलं. ते हलेना. अंगठा रिळाच्या पोटावर खटका शोधत राहिला. दोरी ताणली, ताणली आणि तुटली. कटल्यानं शेपटी आपटली आणि गेला. मला रडू आलं, खोटं कशाला सांगू.

जावयानं चकती बोटांनी फिरवून पाहिली. फिरली नाही. मग माझ्याकडे पाहिलं. पुण्याची माणसं अशा वेळी बोलत नाहीत, नुसती बघतात.

"कंपनीचा मालच भिकार हाय," मी म्हणालो.

"हाव शेठ, कंपनीच भिकार," मित्र म्हणाला. "वाटलेला मसाला आता वांग्याला लावतो."

जेवताना जावयानं सासूबाईंना सगळं सांगितलं. माझ्या बायकोला मासेमारी कळत नाही, पण नवरा कळतो.

यंदा खंडेनवमीला दुकानातली हत्यारं पूजेला मांडली. जिनं रिळाला कधी हात लावला नव्हता, तिनं ते स्वतः आणून पाटावर ठेवलं, हळदकुंकू वाहिलं. मी विरघळलो. म्हटलं, चला, इतक्या वर्षांनी बाईला माझा छंद पटला.

तेवढ्यात तिनं पक्कड उचलून रिळाशेजारी ठेवली, तिलाही कुंकू लावलं आणि हात जोडले.

"देवा, यांची पक्कड अशीच घट्ट राहू दे. तेवढीच मुक्या जिवांची राखण."