‘अवस’चा ड्रमर मंगेश

मंगेशनं स्वतःचाच बँड मोडला, आणि त्याबद्दल मला त्याचा अभिमान आहे.

आज त्याला जाऊन वर्ष झालं. संगमेश्वरच्या अलीकडे, हायवेवर, बाइकवरून घरी येताना अपघात झाला.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. १९९९ला आमचा ‘अवस’ नावाचा ब्लॅक मेटल बँड होता.
हो, रत्नागिरीत.

शिरीष गिटार वाजवायचा आणि गायचा. म्हणजे घसा फाटेस्तोवर ओरडायचा.
ड्रमवर मंगेश. कीबोर्डवर मी, घरी भजनाचा क्लास सांगून.

मंगेशच्या वडिलांची आंब्याची पॅकिंग शेड सीझन संपला की आमची. तोंडाला राख फासून आम्ही रिकाम्या खोक्यांसमोर वाजवायचो. गाणी मरणाची, समुद्राची, काळोखाची. कुणाच्या वाइटावरची नाहीत.

अण्णा, म्हणजे त्याचे वडील, एकदा डोकावले.
“मेल्यांनो, हे गाणं काय? मला वाटलं कुणाला भूत लागलं.”
आणि जाताना आमच्यासाठी पंखा लावून गेले.

ड्रमचं पेडल सारखं मोडायचं. मिरकरवाड्यात ट्रॉलरची इंजिनं दुरुस्त करणारे सलीमभाई ते वेल्डिंग करून द्यायचे.

पहिली कॅसेट शेडमध्येच रेकॉर्ड केली. सायबर कॅफेत शिरीषची काही परदेशी लोकांशी ओळख झाली होती, त्यांना त्यानं ती पाठवली. त्यांच्यातल्या एका लेबलनं, म्हणजे म्युझिक कंपनीनं, कळवलं, पुढचा अल्बम आम्ही काढतो.
आम्ही हवेत.

ती माणसं कोण, हे हळूहळू कळलं. नाझी झेंडे, शुद्ध रक्त, शुद्ध वंश. शिरीषच्या बोलण्यातही तेच यायला लागलं.

मग त्यानं नवं गाणं आणलं. मिरकरवाड्यातली मुसलमानांची घरं पेटवायचं.

मंगेशनं ते दोनदा वाचलं.
“सलीमभाई ह्यात येतात काय?”
“अरे, आर्ट आहे ही. पर्सनली नको घेऊ.”
“येतात काय, तेवढं सांग.”
शिरीष गिटारच्या तारा पिळत बसला.
“मग मी वाजवणार नाय.”

ते गाणं घ्यायचं नाही, असं ठरलं. शिरीष हो म्हणाला.

आणि कॉलेजच्या हॉलमधल्या कार्यक्रमात त्यानं तेच सुरू केलं.
सलीमभाई समोर बसले होते, मुलींना घेऊन. मंगेशनंच बोलावलं होतं त्यांना.

मंगेश उठला. पुढे आला. अँपची वायर खेचली.
“हे गाणं आमचं नाही. माफ करा. कार्यक्रम संपला.”

मीही कीबोर्ड उचलला.

हॉलबाहेर शिरीषच्या त्याच विचारांच्या, इथल्याच नव्या दोस्तांनी मंगेशचा जबडा मोडला. ड्रम फोडले ते वेगळंच.

सलीमभाई सिव्हिलमध्ये भेटायला आले.
म्हणाले, “बाकीची गाणी चांगली होती.”
तारेनं बांधलेल्या जबड्यानं मंगेश कसाबसा हसला.

शिरीष पुण्याला गेला. ‘अवस’ हेच नाव लावून, ड्रमच्या जागी मशीन वापरून, तसलीच गाणी काढत राहिला. पेपरात ओरड झाली, कार्यक्रम रद्द झाले. तेवढा तो परदेशात आणखी फेमस झाला.
मग त्या परदेशी लेबलनं आमची पहिली कॅसेट सीडीवर काढली. कव्हरवर तो नाझी झेंडा.
आत मंगेशचे ड्रम.

मंगेश तेव्हा बाग बघायचा. कलमांना फवारणी करून आला की कपडे बदलून सायबर कॅफेत. ती सीडी विकणाऱ्या प्रत्येक दुकानाला ईमेल.
“ह्या अल्बमवर ड्रम मी वाजवलेत. माझी परवानगी नाही. काढून टाका.”

बहुतेक उत्तरच द्यायचे नाहीत. काही शिव्या द्यायचे.

मी कंटाळून म्हटलं, “सोड ना. कोण ऐकतंय?”
“माझा हात आहे गो त्यात. तो मी त्यांना देणार नाय.”

असं कित्येक वर्षं.

शेवटी एका मोठ्या दुकानानं सीडी काढली. मग दुसऱ्यानं. मग लेबलनंच मंगेशचे ड्रम पुसून तिथं मशीन घातलं आणि नवी सीडी काढली.

त्या दिवशी तो पेढे घेऊन आला. माझ्या कानात हेडफोन घालून म्हणाला, “ऐक. किती भिकार वाजतंय.”
इतका खूश मी त्याला कधीच पाहिला नव्हता.

गेल्या आठवड्यात ती जुनी सीडी एका साइटवर परत दिसली. झेंड्यासकट, मंगेशच्या ड्रमसकट.

मी त्यांना लिहिलं. “ड्रमर आता हयात नाही. कीबोर्ड माझा आहे. माझीही परवानगी नाही.”

उत्तर आलेलं नाही. उद्या परत लिहीन. परवाही.

मंगेश, नीट जा.
इकडचं मी बघते.