सहावी वाटी

घाटकोपरच्या आमच्या चाळीत समोरासमोर दोन दारं होती. एक आमचं, दुसरं गुजराती काका-काकींचं. आईची वाटी तिकडे जायची, काकींची इकडे यायची, आणि वाटी रिकामी परत करायची नाही हा दोघींचा नियम. आमच्याकडून काळ्या वाटाण्याची उसळ गेली की तिकडून हांडवो यायचा. बाबा तो मिटक्या मारत खायचे. पण जिन्यात काका समोर आले की भिंतीकडे बघायचे. काकांचंही तसंच.

नको तिथे नाक खुपसायची मला सवयच. ऐंशीच्या दशकातली गोष्ट, मी असेन अकरा वर्षांची. या दोन शहाण्या माणसांचं बिनसलं तरी कशावरून, हे कळल्याशिवाय मला चैन पडेना. आईला विचारलं, तर "अभ्यास कर गं" म्हणाली. मग काका-काकी मुलाकडे बडोद्याला कायमचे जाणार असं कळलं, तेव्हा मी सरळ काकांनाच गाठलं.

काका सामान बांधता बांधता हसले. "आम्ही भांडलो तेव्हा महाराष्ट्र-गुजरात एकच राज्य होतं ना. मी बोललो, मुंबई वेगळी राहू दे, तुम्हाला नाही झेपणार. तुझे बाबा बोलले, मग चालते व्हा तुमच्या गुजरातला! अगं, माझा जन्म इथला. आणि गुजरात राज्य तर अजून झालंच नव्हतं. जाणार कुठे?"

हे मी घरी येऊन बाबांना जसंच्या तसं सांगितलं. वाटलं, भडकतील. पण नाही. "शेवटी खरं झालं माझं बोलणं," एवढंच म्हणाले. त्यांचा चेहरा बघून मला उगाच विचारलं असं झालं.

निघायच्या दिवशी बाबांनी आईकडून वाटी मागून घेतली. स्वतः दही-साखर कालवली आणि पहिल्यांदाच समोरच्या दारात जाऊन उभे राहिले. आमच्यात निघणाऱ्याच्या हातावर दही ठेवतात, माणूस सुखरूप परत यावा म्हणून. काकांनी हात पुढे केला.

"या हं परत," बाबा म्हणाले.

काकांनी दही तोंडात टाकलं. त्यांनी नुसती मान हलवली. काकी वाटी हातात घेऊन घरभर बघत राहिल्या, पण डबे सगळे बांधून झालेले. "खाली कशी देऊ?" म्हणाल्या, आणि वाटी त्यांच्याच पिशवीत गेली.

आमच्या सहाच्या पाच वाट्या राहिल्या. आई दर दिवाळीला म्हणायची, एक नवी आणू या. बाबा आणू द्यायचे नाहीत.

"कशाला? घेऊन येतील ना ते."