गुडघे टेकायची सवय

मिस्त्रीचे गुडघे दगडासारखे झाले होते. फरशी बसवणाऱ्याचं उभं आयुष्य जमिनीवरच जातं. लेव्हल लावायची, फरशी ठोकायची, पुढे सरकायचं. चर्चच्या मंडळीच्या प्रार्थनासभेत बाकीचे थोड्याच वेळात चुळबुळ करायचे, कुणी भिंतीला टेकायचं. मिस्त्री मात्र शेवटपर्यंत गुडघ्यांवर ताठ. लोक म्हणायचे, काय भक्ती आहे माणसाची. मिस्त्रीने कुणाचा गैरसमज दूर केला नाही.

त्या वर्षी त्याच्या थोरल्या भावाला लकवा झाला. डावी बाजू गेली. दवाखान्याने करण्यासारखं होतं ते केलं आणि निरोप पाठवला, आता घरी न्या, औषध संपलं, राहिलीय ती नुसती सेवा. भावाला ना बायको ना मूल. होता तो हा धाकटाच.

मिस्त्रीच्या हातात पहिल्यांदा थापी दिली ती याच भावाने. आणि मिस्त्रीच्या मुलीच्या लग्नात पिऊन येऊन व्याह्यांसमोर तमाशा केला तोही यानेच. त्यानंतर घरात त्याचं नाव निघत नव्हतं. निरोप आला तेव्हा मिस्त्रीच्या मनात एकच शब्द उमटला: आण. कुणी कानाशी बोलावं इतका स्वच्छ. पण तो बायकोला म्हणाला, आधी प्रभूची इच्छा काय ते बघू.

त्याने सभेत विनंती मांडली. पाळकसाहेबांनी त्याची पाठ थोपटली, हल्ली देवाला विचारून पाऊल टाकतो कोण, म्हणाले. मंडळी मनापासून प्रार्थना करू लागली. मिस्त्रीने उपासही धरले. आठवड्यांमागून आठवडे गेले. कुणी विचारलं की तो मान हलवायचा, अजून उत्तर नाही म्हणायचा. असं म्हणताना आपण फार मोठ्या कामात आहोत असं त्याला वाटायचं.

इकडे दवाखान्याने भावाची खाट व्हरांड्यात काढली. बायको एकटीच डबा घेऊन जायची, यायची. मिस्त्री जात नव्हता. उत्तर आल्याशिवाय कोणत्या तोंडाने जाऊ, असं कारण त्याच्याजवळ तयार होतं.

एका सकाळी कामावर निघताना तो हाताखालच्या गड्याच्या नावाने बोटं मोडत होता. सिमेंटचा माल कालव म्हणून सांगितलं तरी गडी परत परत विचारायला यायचा, किती कालवू, कुठे कालवू. काम करायचं नसलं की माणसाला असे प्रश्न पडतात, मिस्त्री म्हणाला. पक्का कामचोर.

बायकोने डब्याचं झाकण घट्ट केलं. "अहो, मग देव तुम्हाला काय म्हणत असेल?"

मिस्त्री चपला शोधू लागला. चपला समोरच होत्या.

"त्यानं सांगितलंय तुम्हाला," ती म्हणाली. "तुम्हाला ते पटलं नाही, म्हणून परत विचारताय. आणि सगळ्या मंडळीला कामाला लावलंय."

त्या दिवशी फरशी बसेना. सांधे चुकत होते. बसवलेल्या फरश्या उचलून त्याने पुन्हा माल पसरला, पुन्हा ठोकल्या, पुन्हा उचलल्या. गुडघ्यांवर असतानाच त्याच्या लक्षात आलं, सभेतही आपण असेच टेकतो. त्यात कष्ट कसले? सवयच ती. जिथे कष्ट पडले असते तिथे आपण फिरकलोही नाही. त्याची कानशिलं तापली. खोली अर्धवट टाकून तो उठला. असं त्याने पूर्वी कधी केलं नव्हतं.

भाऊ व्हरांड्यात पडला होता. दाढी वाढलेली, तोंड एका बाजूला ओढलेलं. त्याने मिस्त्रीला नीट पाहून घेतलं. मग विचारलं, त्यात टोमणा नव्हता, "धाकट्या, काय म्हणाला रे देव?"

आजच उत्तर मिळालं, असं सांगता आलं असतं. सगळं झाकलं गेलं असतं. ते मिस्त्रीच्या जिभेवर आलंही होतं.

"घरी आण म्हणाला, दादा."

"कधी?"

"दवाखान्याचा निरोप आला त्याच दिवशी."

भावाचा चालता हात चादरीवर चाचपडत राहिला. रागवेल, शिवी देईल, अशी मिस्त्री वाट पाहत होता. शिवी आली असती तर बरं झालं असतं.

"तुझी बायको सांगायची, अजून उत्तर नाही," भाऊ म्हणाला. शब्द जड येत होते. "मीही देवाकडे तेच मागत होतो. मला वाटलं, देवालाच मी नको झालोय."

मिस्त्रीला मान वर करता येईना. आपण नुसता भाऊ टाकला नव्हता, देवाच्या नावावर टाकला होता, आणि भावाने ते खरं मानलं होतं.

त्याने भावाच्या पाठीखाली हात घातला. अंथरूण ओलं होतं. भावाने लाजून तोंड भिंतीकडे फिरवलं. लाजायचं कुणी, हे मिस्त्रीला कळत होतं. त्याने बाह्या वर सारल्या आणि नर्सबाईंकडे गरम पाणी मागितलं.