बाण आपोआप सरकला तेव्हा लाइनवर माणूस होता

माऊसला माझा हात लागलेला नव्हता आणि स्क्रीनवरचा बाण सरकत होता.

दुपारचे अडीच वाजले होते. भोकरदन तालुक्यातलं एक सबस्टेशन. गावाचं नाव सांगत नाही. भोवती मका आणि कपाशी. शिफ्टला ऑपरेटर एकच, म्हणजे मी. पूर्वी दोघं असायचो. सगळं कॉम्प्युटरवर आलं आणि दुसरी पोस्ट गेली. आठ तास नुसती ट्रान्सफॉर्मरची घरघर. कधीकधी मी मीटरचं रीडिंग मोठ्याने वाचायचो. तेवढाच माणसाचा आवाज.

बाण शेतीच्या फीडरवर थांबला. फीडर म्हणजे सबस्टेशनमधून निघणारी एक लाइन. ती मीच तासाभरापूर्वी बंद केली होती, कारण आमचे लाइनमन इस्माईलभाई 'परमिट' घेऊन खांबावर चढले होते. परमिट म्हणजे ऑपरेटरचा शब्द: काम संपेपर्यंत या तारेत करंट येणार नाही.

परमिट देताना ब्रेकरचा, म्हणजे लाइन चालू-बंद करणाऱ्या यंत्राचा, स्विच 'रिमोट'वरून 'लोकल'वर टाकायचा असतो. मग त्याच्यावर कॉम्प्युटरचा हुकूम चालत नाही. पण तसं केलं की वरच्या कंट्रोल रूममधून फोन यायचा, "तुमचं स्टेशन दिसत नाही, रिमोटवर ठेवा." त्या दिवशी मी रिमोटवरच ठेवला होता. चूक माझी.

स्क्रीनवर प्रश्न उमटला: ब्रेकर क्लोज? म्हणजे लाइन चालू करायची का?

मी पॅनेलकडे धावलो. खुर्ची पडली. स्विच लोकलवर फिरवला. मागे वळून पाहिलं तर स्क्रीनवर 'कमांड फेल'. मग नेटवर्कची केबल ओढून काढली आणि फोन लावला.

"इस्माईलभाई, खाली उतरा! जल्दी!"

"तारेचा जंपर बांधून राह्यलो साहेब, दोन मिनिटं..."

"आधी उतरा म्हणतो ना!"

ते उतरले.

संध्याकाळी इंजिनिअरसाहेब आले. "केबल कोणाला विचारून काढली?"

"साहेब, बाण आपोआप सरकत होता."

"आपोआप काही होत नसतं. लॉगिन तुमचं होतं."

चौथ्या दिवशी सायबर सुरक्षा बघणाऱ्या सरकारी यंत्रणेचे दोघं आले. माझा मोबाईल घेतला. कोणाशी बोलता, पासवर्ड कोणाला दिला, हेच दोन दिवस. पासवर्ड कॉम्प्युटर बसवणाऱ्या कंत्राटदाराने दिला तोच होता. बदला असं कोणी सांगितलंच नव्हतं. जाताना त्यांच्यातल्या मॅडमनी बजावलं, "घरातसुद्धा बोलायचं नाही."

घरीही कोणी नव्हतं. बायको मुलीच्या बाळंतपणासाठी संभाजीनगरला गेली होती. ती फोनवर विचारायची, "काय चाललंय?" मी म्हणायचो, "बराबर आहे सगळं."

गावात मात्र बोललं गेलंच. ऑपरेटरला डुलकी लागली, माणूस वर असताना लाइन चालू करत होता. इस्माईलभाई रोज माझ्या टेबलावर डबा उघडायचे, ते बंद झालं. माझ्या शिफ्टला ते परमिटही घेईनात. फोन केला तर उचलायचे नाहीत.

सहा महिन्यांनी मॅडमचा फोन आला. कंत्राटदार लांबून दुरुस्ती करायला जे सॉफ्टवेअर वापरत होता, त्यातून एक हॅकर टोळी आत शिरली होती. "तुमचा दोष नाही," त्या म्हणाल्या.

"एवढं लेखी द्या मॅडम."

"रिपोर्ट गोपनीय आहे."

पुढे दोन वर्षं मी त्याच खोलीत काढली. रिटायर झालो त्या आठवड्यात राजूरला इस्माईलभाईंच्या घरी गेलो आणि सगळं सांगितलं, माझ्या स्विचच्या चुकीसकट. त्यांनी चहाचा कप खाली ठेवला.

"त्या दिवशी मी लाइनला अर्थिंग टाकलं न्हवतं," ते हळूच म्हणाले. चुकून करंट आलाच तर तो जमिनीत जावा म्हणून टाकतात ते अर्थिंग. "जल्दीत होतो. मी बी कोणाला बोललो न्हाई."

मग त्यांनी विचारलं, "पण साहेब, तुम्ही अडीच वर्षं का गप बसले?"

"कोणाशी बोलायचं नाही, असं सांगितलं होतं."

"मला बी?"

नव्या ऑपरेटरांना मी सांगतो, पासवर्ड बदला आणि परमिट दिलं की स्विच लोकलवर टाका. आणि ज्याचा जीव धोक्यात होता, त्याला त्याच दिवशी जाऊन सांगा. ते गोपनीय ठेवायचं नसतं.